मालगाडीची वाघीण करण्याआधी मालाची चौकशी करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नाशिकरोडला राहता, आजोबा रेल्वेत गार्ड होते आणि त्यांच्या उमेदीच्या काळातलं, म्हणजे १९७५ च्या आगेमागचं लासलगाव स्टेशन तुम्हाला छोट्या मॉडेलच्या रूपात, मालधक्क्यासकट घरात मांडायचं आहे. इंजिनाची सोय झाली आहे, पण त्या काळातल्या मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, तयार मिळत नाहीत. त्यांची मापं, रंग आणि अक्षरं कुठे शोधायची, स्केल, म्हणजे मूळ गाडीच्या किती पट लहान, कोणतं धरायचं, आणि थ्रीडी प्रिंटर नसताना हे जमेल का, असं तुम्ही विचारलंत. धाकट्या भावाला मात्र आजची कोळशाची गाडी करायची आहे, तेही विचारून घेतलंत.

प्रिंटरशिवाय नक्की जमेल. पण सुरुवात वाघिणीपासून करू नका, मालापासून करा. या छंदात येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी आवडलेली एखादी वाघीण बनवतो, मग दुसरी, मग तिसरी. शेवटी हाती येते ती वेगवेगळ्या दशकांतल्या आणि वेगवेगळ्या प्रांतांतल्या डब्यांची मिसळ. प्रत्येक डबा सुटा पाहिला तर बरोबर असतो, पण गाडी म्हणून ती कधीच कुठल्या रुळावरून गेलेली नसते. त्याऐवजी आधी स्टेशन ठरवा, साल ठरवा, शक्य असेल तर महिनाही ठरवा. तिथे त्या दिवसांत काय भरलं जात होतं आणि काय उतरत होतं हे शोधा. एवढं कळलं की कोणत्या वाघिणी लागणार ते आपोआप ठरतं.

लासलगाव म्हटल्यावर कांदा आलाच. पण कांद्यातही लाल कांदा वेगळा आणि उन्हाळ वेगळा. लाल कांदा हिवाळ्यात येतो आणि टिकत नाही म्हणून लगेच निघतो. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलपासून निघायला लागतो, चाळीत साठवतात आणि पावसाळा उलटून दिवाळीपर्यंत पुरवतात. म्हणजे तुम्ही डिसेंबर निवडलात तर धक्क्यावर ओल्या लाल कांद्याची घाई दिसेल, ऑगस्ट निवडलात तर हिरव्या गवतात उभी असलेली गाडी आणि चाळीतून आलेल्या सुक्या गोणी दिसतील. गोणी तागाची. आजची लाल जाळीची पिशवी १९७५ च्या धक्क्यावर ठेवलीत तर बाकी सगळी मेहनत फुकट जाईल.

उतरणारा मालही विसरू नका. खत, सिमेंट, धान्य, मीठ, तेल असा माल तालुक्याच्या स्टेशनवर सुट्या वाघिणींनी यायचा. आजच्या पिढीला हे पटकन लक्षात येत नाही, कारण आज मालगाडी म्हणजे एका मालाचा अख्खा रेक: इथून सुटला की थेट मुक्कामाला. १९८० च्या दशकात रेल्वेने हळूहळू हा मार्ग धरला. त्याआधी व्यापारी एक-दोन वाघिणींची मागणी नोंदवायचा. शंटिंग करत जाणारी गाडी त्या स्टेशनात सोडायची, भरल्यावर दुसरी गाडी उचलायची, आणि मनमाड-भुसावळसारख्या यार्डात त्यांची दिशेप्रमाणे छाटणी व्हायची. मॉडेल करणाऱ्याला हा काळ पर्वणीच आहे. पाच-सहा वाघिणींत खरी वाटणारी गाडी उभी राहते, आणि धक्क्यावर दोन सोडून तीन उचलण्याचा खेळ तासन्‌तास चालतो. आजचा रेक करायचा तर पन्नासाहून अधिक एकसारख्या वाघिणी हव्यात.

आता त्या पाच-सहा कोणत्या? चारचाकी बंदिस्त वाघिणी सर्वांत जास्त. जुनी 'सी', म्हणजे साधी बंदिस्त, धुऱ्याच्या टोकाला साध्या तेलाच्या पेटीची (ॲक्सल-बॉक्सची). तिच्यापेक्षा नवी सीआरटी, म्हणजे बंदिस्त, रोलर बेअरिंगची आणि ट्रान्झिशन कपलरची. या शेवटच्या अक्षराकडे नीट पाहा. मधला कपलर (डबे जोडणारा आकडा) आणि दोन्ही बाजूंचे बफर (धक्का झेलणारे दट्टे) एकाच वाघिणीवर असण्याचा तो संक्रमणाचा काळ होता. जुन्या वाघिणी स्क्रू कपलिंगच्या, नव्या मधल्या कपलरच्या, आणि एका गाडीत दोन्ही जोडायच्या तर ही तडजोड लागायची. मॉडेलच्या टोकाला बफर आणि कपलर दोन्ही नीट दाखवले की जाणकार बघताक्षणी साल ओळखतो. या चारचाकींच्या जोडीला आठ चाकांची एखादी बंदिस्त बीसीएक्स, कोळशाची उघडी 'बॉक्स' वाघीण, पेट्रोल-केरोसीनच्या चारचाकी टाक्या आणि शेवटी गार्डाचा ब्रेकव्हॅन. सगळं व्हॅक्यूम ब्रेकचं.

अजून एक गोष्ट. सगळ्या वाघिणींवर 'म.रे.', म्हणजे मध्य रेल्वे, लिहू नका. ब्रॉडगेजच्या वाघिणी देशभर एका सामायिक साठ्यातून फिरायच्या. मालकी एका रेल्वेची असली तरी रिकामी झालेली वाघीण जिथे असेल तिथेच पुन्हा भरली जायची. त्यामुळे लासलगावच्या धक्क्यावर दक्षिण, पूर्व, उत्तर रेल्वेच्या वाघिणी मध्य रेल्वेच्या शेजारी उभ्या असणं हेच साधारण दृश्य. सहातल्या दोन म.रे.च्या आणि बाकी परमुलखातल्या ठेवल्यात तर गाडी जास्त खरी दिसते.

हे सगळं कुठे शोधायचं? नाशिककरांना मी पहिला पत्ता देतो तो रेल्वेच्या कचेरीचा नाही, जुन्या व्यापाऱ्यांच्या माळ्याचा. लासलगाव, निफाड, मनमाड, नांदगाव इथे पिढ्यान्‌पिढ्या आडतीचा धंदा करणारी घरं आहेत. त्यांच्याकडे जुन्या खतावण्यांसोबत रेल्वेच्या बिल्ट्यांच्या प्रती सापडू शकतात. बिल्टी म्हणजे आपली रेल्वे रिसीट, आरआर. तिच्यावर पाठवणारं स्टेशन, पोचण्याचं स्टेशन, मालाचं नाव, नगांची संख्या, वजन, भाडं, तारीख आणि आपल्याला हवं ते सगळ्यात मोलाचं, म्हणजे वाघिणीचा क्रमांक आणि तिच्या मालक रेल्वेची अक्षरं असतात. अशी एक बिल्टी हातात आली की 'अमुक तारखेला अमुक क्रमांकाची वाघीण इतक्या गोणी घेऊन इथून गेली' हे लेखी मिळतं. दहा-पंधरा बिल्ट्या जमल्या तर कोणत्या रेल्वेच्या किती वाघिणी येत होत्या याचं ढोबळ प्रमाणच हाती लागतं. कागद मागताना तिथेच बसून फोटो काढा, मूळ कागद घरी आणू नका. घराण्याच्या हिशेबाचे आकडे कुणालाही दाखवू नका. विश्वास एकदा बसला की पुढच्या दहा घरांची दारं तेच उघडून देतात.

दुसरा पत्ता म्हणजे घरगुती फोटो. लोकांनी मालगाडीचे फोटो काढले नाहीत, पण स्टेशनावरच्या निरोपाचे, वऱ्हाडाचे, बदलीच्या सत्काराचे काढले, आणि मागे मालगाडी उभी राहिली. देवळालीला इंग्रजांच्या काळात मोठी लष्करी छावणी होती. तिथून गेलेल्या गोऱ्या सैनिकांच्या अल्बममध्येही स्टेशनाचे फोटो आढळतात. असा फोटो मोठा करून पाहताना चेहऱ्यांकडे नाही, कोपऱ्यांकडे बघायचं: दाराची कडी, छपराची गोलाई, बाजूच्या पत्र्यावरचे उभे अँगल किती, कोपऱ्यातला ब्रेकचा दांडा कुठवर येतो.

त्याहून जुन्या काळाची ओढ लागली, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जीआयपीच्या (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या) वाघिणी करायच्या झाल्या, तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८३ चा नाशिक खंड जरूर पाहा. त्यातल्या व्यापाराच्या प्रकरणात जिल्ह्यातल्या स्टेशनांवरून काय येत-जात होतं त्याची माहिती आहे. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, जुन्या संदर्भासाठी आधी तिथे विचारा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात रेल्वेचे वार्षिक अहवाल आहेत. सुरुवातीच्या बऱ्याच वाघिणी विलायतेहून सुट्या भागांत येऊन इथे जोडल्या जायच्या, त्यामुळे तिकडच्या कारखान्यांनी पाठवणीआधी काढलेले फोटो हा एक खजिनाच आहे. बाजूने, समोरून, स्वच्छ उजेडात. फक्त एक सावधगिरी बाळगा. कारखान्यातल्या फोटोसाठी वाघीण कधीकधी मुद्दाम करड्या रंगात रंगवत, अक्षरं उठून दिसावीत म्हणून. तो रंग धावत्या गाडीचा धरू नका.

वाघिणींच्या आराखड्यांसाठी लखनौची आरडीएसओ, म्हणजे रेल्वेची संशोधन आणि रचना संस्था, हे मूळ ठिकाण. वाघिणींची रचना तिथे ठरते. पण सामान्य माणसाला हवी असलेली आकृती बऱ्याचदा रेल्वेच्या प्रशिक्षणाच्या पुस्तिकांतही मिळते. निवृत्त टीएक्सआर, म्हणजे गाडी तपासणारे कर्मचारी, यांच्याकडे त्या जपून ठेवलेल्या असतात. लांबी, रुंदी, चाकांमधलं अंतर, रिकामं वजन आणि भारक्षमता एवढं एका पानावर असतं, आणि मॉडेलला तेवढं पुरतं. प्रत्यक्ष जुनी वाघीण बघायची तर दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाइतकं लांब जायच्या आधी आपल्या मार्गावर डोळे उघडे ठेवा. मालवाहतुकीतून बाद झालेल्या चारचाकी वाघिणी अपघात-मदत गाडीत किंवा खात्याच्या सामानासाठी पुढे वर्षानुवर्षं वापरात राहिल्या. काहींचं नुसतं धड एखाद्या यार्डाच्या कडेला खोलीसारखं उभं असतं.

यार्डात मात्र परवानगीशिवाय पाय ठेवू नका. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे. आणि वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. मोजपट्टीची काठी उभी धरून उंची मोजण्याचा विचारसुद्धा मनात आणू नका. स्टेशनमास्तरांना भेटा, छंद सांगा, कोणता डबा बघायचा ते सांगा. बहुतेक ठिकाणी कुतूहलाने ऐकून घेतात.

आणि आजोबा. ते बोलते असतील तर तुमच्याकडे लखनौपेक्षा मोठं दफ्तर घरात आहे. फक्त 'तेव्हा कसं होतं?' असं विचारू नका, त्याला 'चांगलं होतं' हेच उत्तर येतं. बारीक विचारा. ब्रेकव्हॅनमध्ये बसायची जागा कोणत्या बाजूला होती? हँडब्रेकचं चाक कुठे? दिवे कुठे लावायचे? इगतपुरीहून कसारा घाट उतरताना गाडी किती वेळ थांबायची, हँडब्रेक कोण आवळायचं? हा घाट १८६५ मध्ये सुरू झाला आणि त्याचा चढ सदतिसास एक. सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. भरलेली गाडी तिथून खाली आणणं ही जोखीम होती, आणि म्हणून आपल्या मार्गावरच्या वाघिणीच्या मॉडेलमध्ये ब्रेकची रचना अर्धवट सोडणं मला बघवत नाही. व्हॅक्यूमचं नळकांडं, बाजूचा लांब दांडा, चाकाला टेकणारे ठोकळे, हे सगळं खालून नीट दाखवा. बाजूने पाहिलं तरी चाकांमधल्या मोकळ्या जागेतून ते दिसतंच.

मापाचा कागद मिळाला नाही आणि फोटोच हाती असेल तर त्यावरून मोजता येतं. टोकाकडून काढलेला फोटो असेल तर रुळांमधलं अंतर ही तुमची फूटपट्टी: ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर, कायम. पण पट्टी आणि वाघीण कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवी, म्हणजे टोकाच्या चाकाखालचाच रूळ मोजा, पुढचा नाही. बाजूच्या फोटोत चाकाचा व्यास धरायचा मोह होतो. तो टाळा. आजच्या कोळशाच्या 'बॉक्सएन' वाघिणीचंच उदाहरण घ्या, नवं चाक १,००० मिलिमीटरचं असतं आणि झिजत झिजत ९०६ पर्यंत चालवतात. म्हणजे नुसत्या चाकावर विसंबलात तर वाघीण दहा टक्के लांब किंवा आखूड येऊ शकते. एकच माहीत असलेली लांबी सापडली, समजा दोन धुऱ्यांमधलं अंतर, की बाकी सगळं प्रमाणात काढता येतं.

आता स्केल. आपल्याकडच्या मॉडेलवाल्यांची खरी अडचण इथे आहे, म्हणून जरा थांबतो. बाजारात मिळणारा रूळ बहुतेक १६.५ मिलिमीटर गेजचा, म्हणजे दोन रुळांत तेवढं अंतर असलेला. तो १:८७ च्या, म्हणजे एचओच्या, परदेशी १,४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी बनलेला. आपली ब्रॉडगेज १:८७ मध्ये आणली तर रूळ १९.२ मिलिमीटरचा हवा. १६.५ च्या रुळाला ब्रॉडगेज तंतोतंत बसवायची तर स्केल साधारण १:१०२ येतं, आणि त्या स्केलमध्ये चाकं, इंजिनं, माणसं, काहीच मिळत नाही. इंग्लंडमधलं ओओ म्हणजे १:७६ घेतलं तर ब्रॉडगेजसाठी २२ मिलिमीटर लागतात, म्हणजे १६.५ वर तफावत आणखी वाढते.

माझं मत स्पष्ट आहे: वाघिणीचं धड १:८७ चं करा आणि रूळ १६.५ चा ठेवा. बाजूने पाहताना, आणि गाडी आपण बाजूनेच पाहतो, फरक कळत नाही. टोकाकडून चाकं थोडी आत गेलेली दिसतात, तेवढं बफर, कपलर आणि होज पाइप झाकून घेतात. मुळीच चालवायची नसेल, फक्त काचेत ठेवायची असेल, तर मग १९.२ चा रूळ स्वतः घाला आणि धुरे लांब करून घ्या. तेवढं करण्यासारखं आहे. पण १:७६ चं इंजिन आणि १:८७ च्या वाघिणी एकत्र लावू नका, ते डोळ्यांना सतत खुपतं. तुमचं इंजिन कोणत्या स्केलचं आहे ते आधी मोजून बघा.

पुढे कधी मनमाडपर्यंत पोचलात तर एक गंमत तुमची वाट पाहते आहे. मनमाडहून औरंगाबाद-सिकंदराबादकडे जाणारी निजामाची लाइन मीटरगेज होती आणि औरंगाबादपर्यंतचा भाग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला. तोवर दोन्ही गेजचा माल मनमाडला एका वाघिणीतून दुसरीत चढवावा लागायचा. १:८७ मध्ये मीटरगेज साडेअकरा मिलिमीटरची येते आणि बाजारात १२ चा रूळ मिळतो. म्हणजे ब्रॉडगेजपेक्षा मीटरगेज जास्त अचूक होते.

बांधणीला लागतं काय? स्टायरीन या प्लॅस्टिकचे पातळ तक्ते, अर्धा आणि एक मिलिमीटर. चांगली सुरी, पोलादी पट्टी, पातळ चिकटद्रव. बारीक करवती, चिमटे आणि कानशींसाठी महागडी विदेशी पेटी मागवू नका, सराफ बाजारात कारागिरांना अवजारं विकणाऱ्यांकडे जा. दागिन्यांच्या कामाची बारीक करवत पितळ जितकी स्वच्छ कापते तितकी दुसरी कापत नाही. पितळेचा पातळ पत्रा आणि तार लागली तर भांडी बाजार शेजारीच. लेझरने कापून घ्यायचं असेल तर अंबड-सातपूरला छोटे वर्कशॉपवाले आहेत. त्यांना संगणकावरची रेखाकृती द्या, आणि दोन-तीन वाघिणींचं काम एका पत्र्यात बसवा, म्हणजे त्यांनाही परवडतं.

चारचाकी बंदिस्त वाघीण सुरुवातीला उत्तम, कारण ती मुळात एक पेटी आहे. एक मिलिमीटरची आतली पेटी करा, तिचे कोन काटकोनात आहेत का ते गुण्याने तपासा, मगच अर्ध्या मिलिमीटरच्या बाहेरच्या बाजू चिकटवा. रिव्हेट त्या चिकटवण्याआधी काढायचे. पत्रा उलटा ठेवून मागून बोथट सुईने हलके टोचे द्यायचे, पट्टीला मोजमापाची खूण करून, म्हणजे समोर उंचवटा येतो. रिव्हेटची ओळ वाकडी गेली तर ती बाजू टाकून नवी कापा, चिकटवल्यावर दुरुस्त होत नाही. उभे अँगल नंतर. छप्पर गोल असतं, त्यासाठी स्टायरीन नळकांड्याभोवती गुंडाळून गरम पाण्यात बुडवा आणि थंड पाण्यात घाला, गोलाई कायम राहते. दारं बंद दाखवायची की उघडी ते या टप्प्यावरच ठरवा. लासलगावच्या धक्क्यावरची निदान एक तरी उघडी हवी, आत तागाच्या गोणी रचलेल्या आणि बाहेर हमाल.

वजन हा विषय नवशिके सोडून देतात आणि मग डबा सांध्यावर उडतो. अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संस्थेचा एचओसाठी सोपा हिशेब आहे: २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम. तीन इंचांच्या वाघिणीला ७० ग्रॅम. बंदिस्त डब्यात शिसं आत लपतं, बरोबर मध्यभागी आणि शक्य तितकं खाली.

उंचीचाही एक बारकावा सांगतो, कारण तो फुकटात खरेपणा देतो. ब्रॉडगेजवर बफरची मधली उंची रुळापासून जास्तीत जास्त १,१०५ आणि भरलेल्या वाघिणीची कमीत कमी १,०३० मिलिमीटर. म्हणजे भरल्यावर वाघीण स्प्रिंगवर दबून ७५ मिलिमीटरपर्यंत खाली बसू शकते. १:८७ मध्ये हा फरक जवळजवळ एक मिलिमीटरचा होतो. भरलेली आणि रिकामी वाघीण शेजारी उभी केली की बफर किंचित खालीवर दिसले पाहिजेत.

रंगासाठी तांबूस तपकिरी, रेड ऑक्साइडच्या जातीचा, पण डबीतून काढला तसाच लावू नका. थोडा करडा घालून फिकट करा आणि प्रत्येक वाघिणीला छटा वेगळी द्या. काही नुकत्याच वर्कशॉपमधून आलेल्या, काही चार उन्हाळे काढलेल्या. जुनाट करण्यासाठी मला परदेशी पावडरींपेक्षा घरचं साहित्य आवडतं: गंजासाठी गेरू, धुरासाठी काजळी, धुळीसाठी मुलतानी माती, सगळं वस्त्रगाळ. कोरड्या मऊ कुंचल्याने, खालून वर विरत जाईल असं लावा. वरून मॅट लॅकरचा हलका फवारा दिला की पावडर बसते, मात्र छटा थोडी उतरते, म्हणून आधी जरा जास्त लावा.

अक्षरं पांढरी असतात आणि घरचा प्रिंटर पांढरं छापत नाही. यावर नाशिकमध्ये सोपा उपाय आहे: लग्नपत्रिका स्क्रीनने छापणारे. डेकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून अक्षरं उतरवण्याचा, कागद आपण न्यायचा, रेखाकृती द्यायची, ते पांढऱ्या शाईने छापून देतात. एका कागदावर वेगवेगळ्या रेल्वेची अक्षरं, भरपूर अंक, रिकामं वजन, भारक्षमता, ओव्हरहॉलची तारीख आणि वर्कशॉपची खूण हे सगळं बसवा. ओव्हरहॉलची तारीख तुम्ही निवडलेल्या सालाच्या आधीचीच असली पाहिजे, हे दोनदा तपासा. ही अक्षरं खऱ्या वाघिणींवर रंगारी हाताने किंवा साच्याने काढायचे, म्हणून सगळ्या वाघिणींवर एकाच वळणाची, एकाच उंचीवरची अक्षरं आली तर ती खोटी वाटतात.

आता भावाची कोळशाची गाडी. एकलहऱ्याच्या वीज केंद्राकडे जाणारा रेक डोळ्यांसमोर असेल तर वाघीण बॉक्सएन. हिची मापं सहज मिळतात: कपलरपासून कपलरपर्यंत १०,७१३ मिलिमीटर, रुंदी ३,२००, उंची ३,२२५. एचओमध्ये १२३ लांब, सुमारे ३७ रुंद, ३७ उंच. बॉक्सएन १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आली, तोवर कोळसा बॉक्समधून जायचा. बॉक्सची लांबी १३,७२९ मिलिमीटर आणि भार पंचावन्न-छप्पन टन. बॉक्सएन तिच्यापेक्षा तीन मीटर आखूड, तरी भार ५८ टनांच्या वर. गाडीची लांबी स्टेशनातल्या लूप लाइनने, म्हणजे गाडी बाजूला घेण्याच्या रुळाने, बांधलेली असते, साधारण ६८६ मीटर, त्यात इंजिन आणि ब्रेकव्हॅनही बसले पाहिजेत. त्या जागेत ५८ बॉक्सएन बसल्या की ६२१ मीटर होतात आणि चौतीसशे टनांच्या आसपास कोळसा जातो. तेवढ्याच लांबीत बॉक्स पंचेचाळीस बसतील, म्हणजे अडीच हजार टन. बॉक्सएनचा आखूड, उंच, जवळजवळ चौकोनी बांधा या हिशेबातून आला आहे. भावाला हे सांगा, म्हणजे तो शोभेसाठी लांबी वाढवायच्या भानगडीत पडणार नाही.

उघड्या वाघिणीची अडचण पत्र्याच्या जाडीची. खरा पत्रा चार-पाच मिलिमीटरचा, म्हणजे एचओमध्ये कागदाहून पातळ. बाजू अर्ध्या मिलिमीटरचीच ठेवा, पण वरची कड आतून तासून धारेसारखी करा, नजर फक्त कडेवर जाते. आणि बाजू अगदी सपाट ठेवू नका. टिपलरवर, म्हणजे वाघीण उलटी करून रिकामी करणाऱ्या यंत्रावर, उलटी होऊन आणि आतल्या भाराने फुगून वापरातल्या वाघिणींचे पत्रे खांबांच्या मधे बाहेर आलेले असतात. चिकटवण्याआधी बोटाच्या मागच्या बाजूने आतून हलकं दाबलं की तो फुगवटा येतो. कोळसा खराच वापरा, कुटून चाळून, फोमच्या ठोकळ्यावर चिकटवून, म्हणजे ठोकळा काढला की तीच वाघीण रिकामी. वजन ९७ ग्रॅमच्या आसपास हवं, रिकामी चालवायची तर शिसं तळाखाली लपवावं लागेल. चाकं ११ मिलिमीटरची मिळतात, हिशेबाने साडेअकरा यायला हवीत, पण झिजलेल्या चाकांचा विचार करता ११ एकदम योग्य.

क्रमांकांसाठी फोटो काढत चला, म्हणजे प्रत्येक वाघिणीला खरा क्रमांक देता येईल. या शतकाच्या सुरुवातीपासून क्रमांक अकरा अंकी आहे: पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बांधणीचं साल, मग चार तिचे स्वतःचे आणि शेवटचा एक पडताळणीचा. गंजाने किंवा चिखलाने शेवटचा अंक दिसत नसेल तर तो काढता येतो. समजा १००१०५१२३४ एवढं वाचता आलं: १० म्हणजे बॉक्सएन, ०१ मध्य रेल्वे, ०५ म्हणजे २००५. दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा अंक मिळवा: ०, १, ५, २, ४, बेरीज १२, तिची तिप्पट ३६. उरलेल्या अंकांची, म्हणजे १, ०, ०, १, ३ यांची बेरीज ५. दोन्ही मिळून ४१. पुढचा पूर्ण दशक ५०, तिथे पोचायला हवेत ९. शेवटचा अंक ९. मधला एखादा अंक पुसट असेल आणि शेवटचा वाचता येत असेल, तर हाच हिशेब उलटा करून तोही सापडतो.